गाडीत आधी कोण बसलं

रणजितनं सगळ्या गल्लीला बजावून ठेवलं होतं, "ओजू शाळेतनं येईपर्यंत गाडीत कुणी बसायचं नाही. बसायचं म्हणजे टेकायचंसुद्धा नाही."

रणजित माझा मुलगा. एवढं बजावून तो पेढे आणायला गेला, आणि तिथंच चुकला. बजावून झाल्यावर माणसानं जागेवर थांबायला पाहिजे.

गाडी आमच्या गोठ्यासमोर खोक्यातनं नुकतीच उतरली होती. शर्यतीची, एकाच माणसाची. काळी कुळकुळीत, पोट जमिनीला टेकलेलं, तोंड पुढं निमुळतं आणि चारी चाकं अंगाच्या बाहेर. धूर नाही, आवाज नाही, पोटात नुसती बॅटरी. चौदा ते सतरा वर्षांच्या पोरांसाठी नवीन शर्यतमाला सुरू होणार होती. अख्ख्या देशात अशा अठरा गाड्या, आणि त्यातली एक कोल्हापुरात, आमच्या गवळी गल्लीत, माझ्या नातीसाठी. ओजस्वी तिचं नाव. वय चौदा, वजन सेहेचाळीस किलो, आणि सात वर्षांची असल्यापासून ती छोट्या कार्ट गाड्या अशा पळवायची की बघणाऱ्यानं डोळेच झाकून घ्यावेत.

म्हशीच्या तरण्या रेडीला आम्ही वगार म्हणतो. गाडी बघताक्षणी मी तिचं नाव वगार ठेवलं.

तोवर गल्लीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्या होत्या. चाकाखाली लिंबू झालं, नाकाडावर कुंकू झालं. मग पलीकडची सुशीला म्हणाली, "मालनकाकू, बसा आता."

"रणजित नको म्हणालाय गं."

"त्याला काय कळतंय? घरातलं मोठं माणूस आधी बसल्याशिवाय गाडी घरची होती का? तुमच्या दारात ट्रॅक्टर आला तवा कोण बसलं पहिलं? तुमची सासू. नव्वद वर्षांची."

हे मात्र खरं होतं. मी बसले. आत आडवंच व्हावं लागतं, टबात पडल्यासारखं. समोर एक बारका हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बायका भोवती उभ्या होत्या, आणि माझ्याभोवती चार माणसं उभी राहिली की माझं तोंड आपोआप सुरू होतं. मी चंपीची गोष्ट काढली.

चंपी आमची जुनी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशी सजवून पळवतो, ते तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. मालक मोटरसायकलवरनं पुढं आणि म्हैस मागं, मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून. हल्ली सगळ्या मोटरसायकली बॅटरीच्या, मुक्या. म्हणून त्या एका दिवसासाठी गल्लीत एक जुनी पेट्रोलची गाडी परवाना काढून सांभाळलीय. तर मी सांगत होते, "एका पाडव्याला पंचगंगेच्या पुलावर आमच्या ह्यांचं पेट्रोल संपलं. आवाज बंद झाला तशी चंपी थांबली, इकडं तिकडं बघितलं, कॅरिअरखाली शिंग घातलं आणि गाडीसकट ह्यांना ढकलत पंपावर घेऊन गेली. पंपवाला म्हणाला, किती टाकू? चंपी दोनदा रेकली. त्यानं दोन लिटर टाकलं."

बायका हसल्या. दिवा लुकलुकायचा थांबून हिरवागार झाला. मग चौघींनी मला ताकातनं रवी काढावी तशी ओढून बाहेर काढलं. रणजित आला तेव्हा मी गोठ्यात पेंड कालवत होते.

ओजू बसली तेव्हा दिवा हिरवाच होता. रणजित खूश. "बघ, किती लवकर ओळखलं हिला."

मी एक पेढा तोंडात टाकला.

त्या दिव्याची भानगड मला नंतर मिनलकडून कळली. मिनल शिरगुप्पे ही त्या शर्यतमालेची तंत्रज्ञ. इचलकरंजीची, तिशीतली, हातात सदा एक आकडे दाखवणारी काचेची पाटी आणि कानावर पेन्सिल. तिनं मला सांगितलं ते असं.

आधीच्या गाड्या पाय दाबाल तेवढ्या पळायच्या. पण लहान पोरांचं होतं काय, की भीतीनं अंग गोठतं आणि पाय मात्र दाबलेलाच राहतो. अपघात तिथं होतात. म्हणून या गाडीच्या सीटमध्ये चांदीचे बारीक धागे विणलेत. त्यांना काळजाचे ठोके कळतात, श्वास कळतो, घाम कळतो. स्टिअरिंगला बोटांची पकड कळते. पोर घाबरलं असं गाडीला वाटलं की ती जोर राखून ठेवते. शंभरातला सत्तरच देते, कधी साठच.

मी विचारलं होतं, "पण मजा आली तरी छाती धडधडतीच की. गाडीला फरक कसा कळायचा?"

मिनलनं पेन्सिल कानावरनं काढली. "बरोबर विचारलंत, आज्जी. ठोके किती पडतात त्यावर नाही कळत. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवरनं कळतं. धिराच्या माणसाचे ठोके एकसारखे नसतातच. श्वास आत घेतला की थोडे लगबगीनं पडतात, बाहेर सोडला की थोडे रेंगाळतात. लंगडी खेळणाऱ्या पोरीसारखे. घाबरला की खेळ बंद. मग ते घड्याळासारखे टकटक टकटक, सरळ रांगेत. पण प्रत्येकाचा खेळ वेगळा. म्हणून गाडी पहिल्यांदा बसणाऱ्याला तीन मिनिटं ओळखून घेते. त्या माणसाचा धीर, तेच माप. नंतर हंगाम संपेपर्यंत त्या मापाला सील. नाहीतर लोक लबाडी करतील. पोराला मुद्दाम घाबरवून बसवतील, गाडी त्यालाच धीर समजेल आणि मग पुढं कितीही घाबरला तरी पूर्ण जोर देत राहील."

हे तिनं मला सांगितलं दुसऱ्या शर्यतीनंतर. माझ्या हातातला चहा तिथंच गार झाला.

कारण ओजू पहिल्या शर्यतीत सोळावी आली होती, दुसरीत पंधरावी. वळणावर सगळ्यांच्या वरचढ, आणि सरळ रस्ता लागला की बाकीच्या गाड्या तिच्या बाजूनं सूं करून निघून जायच्या. वगार जोरच देत नव्हती. देईल कशी? माप माझं होतं ना.

नियम साधा होता. एकूण पाच शर्यती. पाचांतल्या एकीत तरी पहिल्या सहात यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी सीट वाट बघणाऱ्या दुसऱ्या पोराला.

त्याहून वाईट तो फलक. शर्यत संपली की मैदानात मोठ्या फलकावर प्रत्येकाचा धीर आकड्यात लागायचा. बाकीच्यांचे ऐंशी, नव्वद. ओजूचा अठ्ठावन्न. पुण्याच्या एका पोरानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, तुमच्या कोल्हापुरात धीर मिळत नाही का? पार्सल पाठवू?"

कार्टवाली ओजू असती तर त्याला घरी जायचा रस्ता सापडला नसता. ही नुसती हेल्मेट पुसत राहिली.

आणि मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि नेमकं नको तिथं. तिसरी शर्यत झाली, चौथी झाली.

चौथीनंतरच्या सोमवारी सकाळी मी धार काढत होते. ओजू येऊन शेजारी उकिडवी बसली. चुळूक चुळूक दूध बादलीत पडत होतं.

"आज्जी, मी पाचव्या शर्यतीला जात नाही." आमच्याकडं पोरी 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. "बाबाला तू सांग."

"का गं?"

"मी भित्रा हाय."

"कोण म्हणतं?"

"गाडी म्हणती."

"आणि तुला आतनं काय वाटतं?"

"आतनं मला कायच वाटत नाही. मजाच येती." तिनं बादलीतल्या फेसात बोट बुडवलं. "म्हणजे बघ, भीती किती खोल असंल. मला पण दिसत नाही एवढी."

माझा हात थांबला. म्हैस मागं वळून बघायला लागली. पोरगी स्वतःच्या काळजापेक्षा सीटच्या धाग्यांवर विश्वास ठेवायला लागली होती, आणि ते धागे माझ्या पाठीला टेकून शिकले होते.

"ओजू, ती गाडी तुला ओळखतच नाही," मी म्हटलं. "तुझ्या आधी मी बसले होते. पुरी तीन मिनिटं. ती तुझा धीर माझ्या मापानं मोजतीया."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग डोक्यावरनं हात फिरवला, माझ्या. "राहू दे, आज्जी. माझ्यासाठी थापा नको मारू."

"थाप नव्हे गं. देवाशपथ."

"देवाशपथ तू परवा पण म्हटलेलीस. बिबट्यानं तुझ्याकडं ताक मागितलं तवा."

सत्तर वर्षं पेरलं होतं, तेच उगवलं.

मी दूध तसंच ठेवून थेट मिनलला फोन लावला. दुपारी ती आली. ओजू, रणजित आणि ती, तिघांसमोर मी लुगडं खोचून वगारीत बसले. चाकं जमिनीपासनं उचलून ठेवली होती. मिनल म्हणाली, "दाबा पाय." मी दाबला. मागची चाकं अशी फिरली की गोठ्यातला सगळा पाचोळा उडून सुशीलाच्या वाळवणावर गेला. मिनलच्या पाटीवर आकडा आला, शंभर.

रणजितनं भिंतीला डोकं टेकलं. "आई," तो म्हणाला, "मी पेढे आणायला गेलो होतो. पेढे."

ओजू मात्र माझ्याकडं बघत होती. "म्हणजे मी भित्रा नव्हतोच?"

"कधीच नव्हतीस. माझी चूक, आणि वर चार महिने मी तोंड शिवून बसले. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. शिव्या तिनं नंतर दिल्या. मोजून तीन. तिसरी माझ्याकडूनच शिकलेली होती.

"सील काढता येईल ना?" रणजितनं विचारलं.

मिनलनं मान हलवली. "हंगाम संपल्यावरच. एकाचं काढलं तर अठराही जण रांग लावतील. पण मला एक कळत नाही. वय वाढलं की ठोक्यांचा हा खेळ कमी होत जातो. आज्जींचा पंचविशीतल्या पैलवानासारखा आहे. आज्जी, त्या तीन मिनिटांत तुम्ही काय करत होता?"

"थापा मारत होते."

"मोठ्यानं?"

"हळू मारून कसं चालेल? मागच्या बाईला ऐकू जायला नको?"

"दाखवा बरं."

मी चंपीची गोष्ट सांगितली. मिनल पाटीकडं बघत राहिली आणि दोन लिटर झाल्यावर म्हणाली, "तुम्ही वाक्याच्या मध्ये श्वासच घेत नाही."

"घ्यायचाच नसतो. मध्ये श्वास घेतला की ऐकणाऱ्याला शंका काढायला जागा मिळते."

मिनल एकदम खाली बसली, गोठ्याच्या उंबऱ्यावर. "अहो, हेच. श्वास सोडताना ठोके रेंगाळतात, सांगितलं होतं ना? तुम्ही सत्तर वर्षं लांब लांब श्वास सोडताय. मिनिटाला जेमतेम सहा. तुमच्या काळजाला ती तालीमच झालीय. ओजू, ही गाडी आज्जीला शोधत नाहीये. ती थापा मारणाऱ्या माणसाला शोधतीया."

"आणि शर्यतीत बोलायला बंदी?" रणजितनं विचारलं.

"रेडिओवर घरातल्या एका मोठ्या माणसाशी बोलता येतं. काय बोलायचं ते नियमात नाही."

हातात उरले बारा दिवस. पोरीला थापा मारायला शिकवायचं होतं, आणि या बाबतीत ती बापावर गेली होती. पहिल्या दिवशी तिची थाप अशी: "काल मी... एक वाघ बघितला. म्हणजे चित्रात."

"चित्रात कशाला? तोंडात आलेला वाघ परत पिंजऱ्यात घालतीस?"

मी तिला धडे दिले. सुरुवातीला एक खरी गोष्ट ठेवायची, पायरीसारखी, म्हणजे ऐकणारा चढतो. आकडा गोल सांगायचा नाही. वीस म्हटलं की खोटं वाटतं, एकोणीस म्हटलं की लोक मोजायला लागतात. स्वतःच्या थापेला स्वतः आधी हसायचं नाही. आणि श्वास फक्त पूर्णविरामाला. ती शाळेला जाता-येता सांगायची, वैरण घालताना म्हशींना सांगायची. सहाव्या दिवशी तिनं सुशीलाला पटवून दिलं की नव्या नियमानं दूध लिटरऐवजी मीटरवर विकायचंय. सुशीला टेप शोधायला घरात गेली. मी ओजूला मिठीच मारली.

गाडीत बसून सराव केला तेव्हा आकडा अठ्ठावन्नवरनं सत्तर, मग ऐंशी. रस्त्यावर मात्र खाली यायचा. वळण आलं की गोष्ट तुटायची.

पाचवी शर्यत आमच्याच भागात होती, हातकणंगल्याजवळच्या ट्रॅकवर. सगळी गवळी गल्ली आली होती. माझ्या सुनेनं, ओजूच्या आईनं, पहिल्यापासनंच डोळे मिटून घेतले होते. मी कानाला रेडिओ लावून मिनलच्या पाटीशेजारी बसले. बारा फेऱ्या. ओजू चौदाव्या जागेवरनं सुटणार होती.

दिवे विझले, गाड्या सुटल्या. मी चंपीची गोष्ट सुरू केली, ती मागनं माझंच म्हणत राहिली. आकडा पंच्याहत्तर. तेरावी, बारावी. पाचव्या फेरीला अकरावी.

सहाव्या फेरीत तिच्या पुढच्या दोन गाड्या एकमेकींना घासल्या. एक गोल फिरली, धुळीचा लोट उठला आणि वगार त्यात शिरली. दिसेनाच. चंपी पुलावर होती की पंपावर, काही आठवेना. पाटीवरचा आकडा धाडकन एक्केचाळीसवर आला.

धुळीतनं वगार बाहेर पडली, धड. फिरलेलं पोरही हात हलवत गाडीतनं उतरलं. पण आकडा तिथंच, आणि मागच्या गाड्या जवळ यायला लागल्या.

"बोला, आज्जी," मिनल म्हणाली. "काहीतरी बोला."

मी रेडिओ कानाशी घट्ट दाबून धरला. माझेच ठोके घड्याळासारखे पडत होते, मला ऐकू येत होते.

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"आज्जी, ऐकतेस न्हवं?" ओजूचा आवाज. "तुला एक ठाऊक नाही. चंपीला एक नात होती."

मी नुसतं "हं" म्हटलं.

"लई देखणी, काळीभोर, पण तिच्या गळ्यात कुणीतरी आज्जीची घंटा बांधलेली, आणि ती घंटा इतकी मोठी, की नात पळायला लागली की लोक म्हणायचे, ही चंपी नव्हे, ही चंपी नव्हे." वाक्य संपलं. मग श्वास. वगारीनं डावं वळण घेतलं, गोष्ट तुटली नाही. "मग एका पाडव्याला तिनं काय केलं, तिनं मोटरसायकलच्या मागं पळायचंच सोडलं आणि पुढं गेली, एकोणीस म्हशींच्या पुढं, आणि मोटरसायकलच तिच्या घंटेचा आवाज ओळखून तिच्या मागं पळायला लागली."

त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

"मग गं?" मी म्हटलं. आयुष्यात हा शब्द मी दुसऱ्याच्या गोष्टीला कधी म्हटला नव्हता.

"मग ती पुलावर आली, तर पूल नव्हताच, महापुरात वाहून गेलेला, म्हणून तिनं नदीलाच विचारलं, बाई, जरा सरकतीस का, माझी आज्जी पलीकडं वाट बघत बसलीया."

सत्त्याण्णव. सरळ रस्त्यावर वगार पहिल्यांदाच पळाली. खरी पळाली. दहावी, नववी. रणजित पत्र्यावर मुठी आपटत होता. अकराव्या फेरीला सातवी. पुढं तो पार्सलवाला, पुण्याचा. शेवटच्या वळणावर तो आतनं गेला, ही बाहेरनं, आणि रेडिओवर ती नदीशी भांडणाऱ्या म्हशीचं ऐकवत होती, एका दमात. रेघेवर दोन्ही नाकाडं एकत्रच आली. कोण पुढं ते डोळ्यांना कळलं नाही, यंत्राला कळलं. एका वितीचा फरक.

फलकावर ओजस्वी गवळी, सहावी. धीर, शंभर.

सुनेनं डोळे उघडून विचारलं, "झालं?" सुशीला रडत म्हणाली, "झालं की गं, बाई." पुण्याचा पोरगा आला, हेल्मेट काखेत. "तू आत काय बडबडत होतीस? मला काचेतनं तोंड हलताना दिसत होतं."

ओजू गंभीर तोंडानं म्हणाली, "मंत्र. कोल्हापुरातनं पार्सलनं मिळतो."

हंगाम संपला. मिनल वगारीचं सील काढायला आमच्या दारात आली. गल्ली पुन्हा गोळा झाली, लिंबू झालं, कुंकू झालं. यावेळी रणजितनं पेढे आदल्या दिवशीच आणले होते, आणि तो माझ्या मनगटाला धरून उभा होता, पोलिसासारखा.

"काकू, बसा," सुशीला म्हणाली. तिची सवय काही जात नाही.

"नको गं. जिची गाडी तिला बसू दे."

ओजू आत आडवी झाली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तीन मिनिटं. बायका भोवती उभ्या राहिल्या, आणि तिनं माझ्याकडं एकदा तिरकं बघितलं.

"परवाच्या शर्यतीत काय झालं माहिती हाय का, काकू," ती म्हणाली. "मी सुटलो शेवटनं, आणि एकेकाला मागं टाकत टाकत, एकोणीस गाड्या मागं टाकून पहिला आलो, आणि रेघ ओलांडली तर काय, रेघेवर आमची चंपी उभी, तोंडात पेढा धरून."

शर्यतीत गाड्या अठरा होत्या, तिची धरून. मी मनातल्या मनात मोजल्या आणि तोंड बंद ठेवलं. पोरीनं मध्ये कुठंच श्वास घेतला नव्हता.

दिवा हिरवागार झाला.